मुंबईतले स्वस्त घर : डोंगरी ते मुंब्रा

मुंबईत घर शोधायला निघालेल्या माणसाला दलाल पहिला प्रश्न बजेटचा विचारतो आणि दुसरा नावाचा. पहिल्याचे उत्तर देताना माणूस थोडा कचरतो, दुसऱ्याचे उत्तर ऐकून दलाल कचरतो. त्यानंतर जी यादी पुढे येते ती ठरलेली असते. मुंब्रा, कौसा, मीरा रोडचे नया नगर, कुर्ला, गोवंडी, नालासोपारा, आणि खिशात थोडे जास्त असेल तर जोगेश्वरी. “तुमच्यासाठी हे एरिया बरे,” असे वर सांगितले जाते. या ‘बरे’ शब्दात बरेच काही भरलेले आहे.

या यादीतल्या वस्त्या स्वस्त कशा झाल्या, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. जणू जमीन मुळातच महाग किंवा स्वस्त असते, आणि मुसलमान आपले आपण तिथे जाऊन राहतात. मुंबईचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास वेगळेच सांगतो. या शहरात स्वस्ताई कधीच आपोआप आलेली नाही. कुठे ती खाजणात भर टाकून आली, कुठे कचऱ्याच्या डोंगराशेजारी, कुठे अपुऱ्या कागदपत्रांमुळे, कुठे कायद्याने भाडे गोठवल्यामुळे, तर कुठे भीतीमुळे. घर घेणाऱ्याने पैसे कमी दिले असतील, पण उरलेली किंमत दुसऱ्या कुठल्या तरी रूपात चुकवली आहे.

सुरुवात मुसलमानांच्या जुन्या मुंबईपासून करू, कारण ती अजिबात गरीब नव्हती. माहीमचे मखदूम फकीह अली माहिमी १४३१ मध्ये वारले तेव्हा इंग्रज तर सोडाच, पोर्तुगीजही इथे आलेले नव्हते. पुढे इंग्रजांनी किल्ला बांधला, त्याच्या आत व्यापारी पेठ वाढली, आणि १८०३ च्या मोठ्या आगीनंतर देशी लोकांची वस्ती कोटाबाहेर उत्तरेला सरकली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८०२ मध्ये, जामा मशीद बांधून पूर्ण झाली होती. एका जुन्या तलावावर उभ्या असलेल्या या मशिदीमागे कोकणी मुसलमानांचा पुढाकार होता. हे लोक जहाजांचे मालक होते. नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारखे व्यापारी चीनपर्यंत माल पाठवत.

आजही त्या भागातून चालत गेलात तर रस्त्यांची नावे वाचा. नाखुदा मोहल्ला, सारंग स्ट्रीट, तांडेल स्ट्रीट. जहाजावरची अख्खी उतरंड पाट्यांवर लिहिलेली आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान, सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, तांडेल त्याच्या हाताखालचा. खलाशाच्या नावाचा रस्ता मला कुठे दिसला नाही. त्याला घरच नव्हते, रस्ता कुठून मिळणार?

रत्नागिरी, कुलाबा जिल्ह्यांतल्या खाड्यांकाठच्या गावांतून हे खलाशी यायचे. दाभोळ, बाणकोट, जयगड, राजापूर ही बंदरे. तिथून गलबताने आणि नंतर आगबोटीने मुंबई. आगबोटीच्या इंजिनात कोळसा टाकायचा, डेक धुवायचा, सहा-आठ महिने दर्यावर काढायचे आणि परत आल्यावर पुढची बोट मिळेपर्यंत मुंबईत थांबायचे. भरती सारंगाच्या हातात. सारंग आपल्या गावची, आपल्या खाडीतली पोरे घेई, त्यांना उचल देई आणि पगारातून ती कापून घेई. दोन बोटींच्या मधले हे दिवस काढायचे कुठे? पगार बंद, उचल सुरू, आणि शहरात खोलीचे भाडे तेव्हाही परवडणारे नव्हते.

यावर गावांनीच तोडगा काढला. गावच्या जमातीने डोंगरी, चिंचबंदर, माझगावच्या बाजूला एखादी खोली भाड्याने घ्यायची. ती कुणा एकाची नाही, गावाची. गावातला कोणीही मुंबईत आला की त्याने आपली ट्रंक तिथे ठेवायची, महिन्याची ठरलेली वर्गणी द्यायची आणि आपली पथारी पसरायची. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसांच्या ट्रंका भिंतीला लावलेल्या असत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत किंवा आळीपाळीने. आजारी पडलेल्याला गावी पोहोचवणे, बेकाराची वर्गणी थकली तर सांभाळून घेणे, मयत झाली तर कफन-दफन करणे, गावी पैसे आणि निरोप पाठवणे, हे सगळे त्या खोलीतूनच होई. भांडणे तर व्हायचीच. जमातीचा हिशेब हा कोकणातल्या गावांचा जुना आवडता विषय आहे.

ही गोष्ट फक्त आपल्यापुरती नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे आणि स्वयंपाक्यांचे ‘कूड’ धोबी तलाव, माझगाव भागात होते, आणि काही अजून आहेत. लालबाग-परळच्या चाळींत कोकणी हिंदू गिरणी कामगारांचे गाववार गाळे होते, त्यांच्याही अशाच ट्रंका, अशाच वर्गण्या, अशाच पाळ्या. धर्म तीन, बोट एकच. मुंबईतला स्वस्त निवारा पहिल्यांदा ना सरकारने उभा केला, ना बिल्डरने. तो गावाने उभा केला. या खोल्यांत बायका-मुलांना जागा नव्हती, हे मात्र त्या स्वस्ताईचे मोल होते. कोकणातल्या कितीतरी स्त्रियांनी संसार म्हणून जे केले ते नवऱ्याच्या मनिऑर्डरीशी आणि पत्राशी केले.

मदनपुऱ्याची गोष्ट थोडी निराळी. उत्तर भारतातले, विशेषतः आझमगढ, बनारस, अलाहाबादकडचे मोमीन विणकर १८५७ च्या धामधुमीनंतर आणि विलायती कापडाने हातमाग मोडल्यावर दक्षिणेकडे निघाले. काही मालेगाव, भिवंडीत थांबले, काही मुंबईत आले. ते कुटुंबासकट आले, कारण हातमाग हे घरभर पसरलेले काम आहे. त्यांच्या घरातच कारखाना होता. नंतर कापड गिरण्यांच्या विणाई खात्यात त्यांना काम मिळाले. त्याच खात्यात दलित कामगारांना मज्जाव होता, कारण विणकराला धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्णांना त्यात विटाळ वाटे. कोणाला कुठे राहता येते याचा इतिहास सांगताना कोणाला कुठे काम करता येते हेही सांगावे लागते, म्हणून हा उल्लेख.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. धान्याची गोदामे, उंदीर, कोंदट खोल्या. सरकारने रोगाचा दोष दाटीवर ठेवला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने हात घातलेली पहिली वस्ती होती नागपाडा. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड असे रुंद रस्ते जुन्या वस्तीतून काढले गेले. समुद्राचा वारा आत यावा हा हेतू होता, आणि वारा आलाही. पण रस्ता जिथून गेला तिथे गरिबांच्या खोल्या होत्या. त्या आधी पडल्या, बदली घरे मागून आणि कमी बांधली गेली, आणि त्यांचे भाडे बेघर झालेल्यांना झेपणारे नव्हते. माणसे उठून शेजारच्या गल्लीत शिरली आणि तिथली दाटी आणखी वाढली. आज ज्याला आपण ‘पुनर्विकास’ म्हणतो त्याची पहिली तालीम हीच. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतल्या बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला जागा हवी होती ती गिरणीजवळ आणि त्याच्या पगारात.

आता भाडे कायद्याकडे येऊ. हा विषय रुक्ष वाटतो, पण दक्षिण मुंबईचे मोहल्ले टिकले ते याच कायद्यामुळे, आणि पडले तेही याच कायद्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसे वाढली, भाडी भडकली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नव्हते आणि त्याच्यामागे घरातल्या माणसाला तो हक्क मिळत होता. कागदावर खोली घरमालकाची राहिली, व्यवहारात ती भाडेकरूची झाली. मग बाजाराने आपली वाट काढली. खोली सोडणारा नव्या माणसाकडून एकरकमी पैसे घेऊ लागला आणि त्यातला हिस्सा मालकाला देऊ लागला. हीच पागडी. बरीच वर्षे ती बेकायदेशीर होती आणि सर्रास चालत होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली.

पागडीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. व्यवहार रोखीचा, कागद जुजबी, त्यामुळे तो विश्वासावरच चालणार. विश्वास म्हणजे बिरादरी. मेमनाची खोली मेमनाकडे, बोहऱ्याची बोहऱ्याकडे, कोकण्याची कोकण्याकडे जात राहिली. सत्तर वर्षे एका मोहल्ल्यात एकाच प्रकारची माणसे दिसतात याचे कारण केवळ धार्मिक ओढ नाही. भाडेपावतीची रचनाही तशीच होती.

दुसरा परिणाम इमारतींवर झाला. महिन्याला पन्नास-शंभर रुपये भाडे घेणारा मालक गळके छत कशाला दुरुस्त करील? १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढले, जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा एकोणीस हजारांहून अधिक होत्या. त्या वापरात राहिल्या, खांबांना टेकू लागले, आणि अधूनमधून एखादी पडत राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. ही इमारत भेंडी बाजाराच्या पुनर्विकास योजनेत आलेलीच होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारत पडली. भाडे कमी होते, त्याची उरलेली किंमत ही अशी वसूल झाली.

आणि तिसरा परिणाम. खोली एक, मुलगे चार. कायद्याने हक्क चालत आला तरी दीडशे चौरस फूट चौघांत वाटता येत नाहीत. एकाने खोलीत राहायचे, बाकीच्यांनी आपापला हिस्सा घेऊन दूर जायचे. १९७० नंतर आखाताचा पैसा कोकणी घरांत आला तेव्हा ही वाटणी सोपी झाली. मुंब्रा, मीरा रोड, वाशी इथे घरे घेणारे बरेच जण आधी असे निघालेले आहेत. म्हणजे डोंगरी ते मुंब्रा हा प्रवास १९९२ च्या आधीच सुरू झाला होता. दंगलीने त्याला दिशा दिली नाही. तिने त्याचा वेग वाढवला आणि परतीचे दार बंद केले.

दार बंद होण्याचा इतिहासही जुना आहे. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, आशियातली पहिली समजली जाणारी. कल्पना सुंदर होती. मध्यमवर्गाने एकत्र येऊन, घरमालकाला टाळून, स्वतःचे घर बांधायचे. पण ‘एकत्र’ म्हणजे कोण, याचे उत्तर जातीने दिले. पुढे शहरभर अशा जातवार, समाजवार संस्था झाल्या. मुसलमानांनीही काढल्या, फाळणीनंतर कराचीला गेलेल्या कोकण्यांनी तर तिथेसुद्धा कोकण सोसायटी वसवली. आपल्याच माणसांत राहावेसे वाटणे हा गुन्हा नाही. पण अख्खे शहरच सोसायट्यांचे झाले, आणि प्रत्येक सोसायटीचे ‘आपले’ ठरलेले असले, की ज्याला कोणीच आपला म्हणत नाही त्याने काय करायचे? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. मुंबईत तर असा लेखी नियमही लागत नाही. “फक्त शाकाहारी” एवढे पुरते. किंवा “मालक आत्ता गावाला गेलेत.”

शहराच्या पूर्व टोकाला दुसरीच कहाणी घडत होती. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. सत्तरच्या दशकात महापालिकेने शहरातून उठवलेल्या झोपडीवासीयांना तिच्या शेजारी शिवाजीनगरमध्ये वसवले. १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुशक्तीनगरला लागून असलेली जनता कॉलनी पाडली गेली आणि सुमारे सत्तर हजार माणसे चीता कॅम्पच्या दलदलीत आणून सोडली. जनता कॉलनीतली माणसेसुद्धा आधी शहरातून उठवूनच तिथे आणलेली होती. त्यांच्यात मुसलमान होते, तमिळ होते, दलित होते. गोवंडीकडे बोट दाखवून “हे लोक घाणीत राहतात” म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की कचरा तिथे आधी आला, माणसे नंतर, आणि दोन्ही एकाच कार्यालयाच्या हुकमाने.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मारली गेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मृतांचे आकडे नोंदले गेले. घरे विकून गेलेल्यांची अशी मोजदाद नाही. मिश्र चाळी, मिश्र सोसायट्यांतल्या मुसलमान कुटुंबांनी मिळेल त्या भावात घर विकले. विकणारा घाबरलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते. आणि जिथे ते गेले तिथे मागणी एकाएकी वाढल्यामुळे भाव चढलेला. स्वस्तात विकायचे, महागात घ्यायचे. भीतीचा हा कर होता, आणि मुसलमान मोहल्ल्यांतून उलट दिशेने निघालेल्या हिंदू कुटुंबांनीही तो भरला.

मुंब्रा तेव्हा काय होते? पारसिकच्या डोंगराखाली खाडीकाठचे गाव. वर डोंगरावर मुंब्रादेवी, खाली मुंब्रा आणि कौसा, जिथे कोकणी मुसलमानांची पिढ्यानपिढ्या शेती. रेल्वे १८५४ पासून. काही वर्षांत हे हजारांचे गाव लाखांचे शहर झाले. मूळचे कौसेकर आपल्याच गावात अल्पसंख्य झाले. त्यांची मराठी-कोकणी बोली उर्दू-हिंदीच्या गलक्यात मागे पडली. बाहेरच्यांना मुंब्रा म्हणजे सगळे एकसारखे मुसलमान दिसतात. आत कोकणी, आझमगढी, बिहारी, दखनी, मेमन, हैदराबादी असे कितीतरी थर आहेत, आणि ते एकमेकांना नावे ठेवण्यात कसूर करत नाहीत.

इमारती उठल्या त्या बहुतांश परवानगीविना. स्वस्ताईचे यंत्र इथे उघडे पाहता येते. जमीन शेतीची किंवा वनखात्याची, नकाशा मंजूर नाही, वापर परवाना नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. बँक नसल्यामुळे बिल्डर स्वतःच हप्ते बांधून देतो. व्यवहार नोटरीच्या कागदावर. फूटामागचा भाव ठाण्याच्या निम्म्याहून कमी, कारण विकला जातो तो फक्त ताबा, मालकी नाही. आणि जिथे कागद चोख आहेत तिथेही अडचण येतेच. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना ‘निगेटिव्ह’ ठरवून कर्ज टाळतात. म्हणजे चोख कागद असलेल्यालाही बेकायदा बाजाराकडे ढकलायचे आणि मग बेकायदा राहतो म्हणून हिणवायचे.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली. ७४ बळी. काही महिन्यांत मजल्यावर मजला चढवलेली, वर काम चालू आणि खाली माणसे राहायला आणलेली. ती माणसे का आली होती? काहींना तिथे राहण्यासाठी भाडे जवळजवळ पडत नव्हते, काही तिथेच काम करणारे मजूर होते. रहिवासी दिसले की पाडकाम अवघड होते, हे बांधणाऱ्यांना माहीत होते. त्यांची घरे म्हणजे त्या इमारतीची ढाल होती.

आणि रेल्वे. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि जलद मार्ग कळवा-मुंब्र्याला वळसा न घालता सरळ निघून गेला. पुढे शतकभर जलद लोकल बोगद्यातून गेल्या आणि मुंब्रेकर धीम्या गाडीची वाट पाहत राहिला. एका अभियंत्याने डोंगर फोडून वाचवलेली मिनिटे आणि त्यापोटी एका गावाने रोज घालवलेली मिनिटे, दोन्ही एकाच बोगद्यातली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर खचाखच भरलेल्या दोन लोकलमधून प्रवासी खाली पडून मेले. अशा गर्दीत लटकणारे बरेच जण दूर कुठेतरी, परवडणाऱ्या घरात राहणारे असतात.

मीरा रोडच्या नया नगरने वेगळा रस्ता धरला होता. ती वसाहत दंगलीच्या दशकभर आधीच आखली जाऊ लागली, मशीद, शाळा, बाजार धरून. गिऱ्हाईक मध्यमवर्गीय मुसलमान, कागद तुलनेने बरे. तिथले भाव आज पाहिले तर ‘स्वस्त’ हा शब्द तिथून कधीच निघून गेलेला आहे. मुंब्र्यातही नीट परवानगीच्या इमारती आता झाल्या आहेत आणि त्यांचे दर ऐकून नव्याने लग्न झालेली जोडपी भिवंडी, कल्याणपलीकडे, शिळ-तळोज्याकडे, नालासोपाऱ्याकडे बघतात. तिथे घर बघायला जाणाऱ्याला बिल्डरचा माणूस मशीद किती मिनिटांवर, स्टेशन किती मिनिटांवर हे न विचारता सांगतो. सातबारा कोणाच्या नावावर, बांधकाम परवानगी किती मजल्यांची, वापर परवाना आला का, टँकरचे पाणी की नळाचे, हे विचारले की तो म्हणतो, “भाईजान, इतके बघत बसलात तर मुंबईत घर होणार नाही.”